माजी सैनिकांमधल्या आत्महत्या रोखण्यासाठी गट कसा उभा करायचा: नव्यांसाठी मार्गदर्शक

आधी तातडीचं. तुमच्या स्वतःच्या मनात आत्ता जीव देण्याचे विचार येत असतील, किंवा समोरच्या माणसाबद्दल तशी शंका असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि फोन करा. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत 988 लावून 1 दाबला की माजी सैनिकांसाठीची वेगळी लाइन मिळते. इतरत्र असाल तर तिथल्या आपत्कालीन सेवेला कळवा. मदत पोचेपर्यंत त्या माणसाला एकटं सोडू नका.

आता निवांत वाचणाऱ्यांसाठी. हा लेख डॉक्टरांसाठी नाही. निवृत्त सैनिक, त्यांच्या घरचे, समाजसेवक, परिचारिका, पेन्शनची कागदपत्रं करून देणारे, अशा कुणालाही ‘आपण मिळून काहीतरी करायला हवं’ असं वाटत असेल, पण सुरुवात सापडत नसेल, त्यांच्यासाठी आहे. उपचार करणं हे गटाचं काम नव्हे. माणूस एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्येच सुटतो, तिथे उभं राहणं हे गटाचं काम. खाली जे काही सांगितलंय, ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

१. डोक्यातलं चित्र आधी दुरुस्त करा

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो: युद्धावरून आलेला, रात्री दचकून उठणारा. असे लोक आहेतच. पण अमेरिकी सैन्याच्या काही मोठ्या अभ्यासांत प्रत्यक्ष मोहिमेवर गेलेल्यांपेक्षा न गेलेल्यांचा धोका कमी असल्याचं दिसलं नाही. म्हणजे ‘तो कुठे लढाईवर होता, त्याला काय होणार’ हे वाक्य गटात कुणी उच्चारलं तर तिथेच थांबवा.

धोका कुणाला जास्त, याची काही ठोस माहिती आहे. 1996 ते 2005 या काळात ब्रिटनचं सैन्य सोडलेल्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात चोविशीच्या आतल्या माजी सैनिक मुलांमध्ये आत्महत्येचा धोका त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा दोन ते तीन पट निघाला. त्यातही ज्यांची नोकरी थोडक्यात आटोपली होती, त्यांचा जास्त. ऑस्ट्रेलियात सैन्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळला. निवृत्तीनंतरचा सुरुवातीचा काळ बऱ्याच ठिकाणी नाजूक ठरतो. थोडक्यात, फक्त साठीतल्या पुरुषांचा मेळावा भरवणारा गट ज्यांच्यापर्यंत पोचायला हवं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

कारणं एकात एक गुंतलेली असतात. गणवेश उतरला की हुद्दा जातो, दिवसाची घडी मोडते, सोबती पांगतात. त्यात गुडघे-कंबर दुखतात, झोप लागत नाही, दारू वाढते, कर्ज होतं, घरात खटके उडतात. यातलं एखादं कारण उचलून ‘यामुळेच झालं’ असं म्हणणं नेहमीच चुकतं.

आणखी एक आकडा गटाच्या पहिल्या बैठकीत सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत 2022 मध्ये 6,407 माजी सैनिकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, दिवसाला सतराहून अधिक. त्यातल्या दहांपैकी सुमारे सहा जणांनी त्या आधीच्या काळात माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयाची पायरी चढलेली नव्हती. तिथली व्यवस्था जगातल्या सर्वांत मोठ्या व्यवस्थांपैकी एक आहे, तरीही ही स्थिती. जो दवाखान्यात येतच नाही, तो शेजाऱ्याला, जुन्या सोबत्याला, मुलीला, बँकेतल्या कारकुनाला भेटतो. म्हणून गट हवा.

२. माणसं निवडा, पण मोजकी

सुरुवातीला सहा-सात जण पुरे. त्यात किमान दोन माजी सैनिक असावेत आणि ते एकाच हुद्द्याचे नसावेत. सगळे निवृत्त अधिकारीच बसले, तर जवान म्हणून निवृत्त झालेला माणूस ‘साहेबांपुढे’ मन मोकळं करणार नाही. तो ‘सगळं ठीक आहे, सर’ म्हणेल आणि निघून जाईल. एक माजी सैनिक स्त्री असावी. घरच्यांपैकी कुणी असावं, पत्नी, आई किंवा मोठी झालेली मुलगी, कारण बदल सर्वांत आधी त्यांना दिसतो. मानसोपचार क्षेत्रातली एक व्यक्ती हवी, आणि तिची निवड पदव्या बघून करू नका. ती फोन उचलते का, हे बघा. तातडीच्या विभागातलं किंवा पोलिसांतलं कुणी असेल तर उत्तम. आणि पेन्शन, अपंगत्व-भत्ता, नोकरी यांची कागदपत्रं जाणणारा एक माणूस. हा शेवटचा माणूस बऱ्याच गटांत नसतो. खरं तर दार त्याच्याकडूनच उघडतं. मानसिक आरोग्याच्या शिबिराला न येणारा माणूस अडकलेल्या थकबाकीसाठी हमखास येतो.

जो स्वतः आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलाय, त्याचं म्हणणं गटात असायलाच हवं. मात्र त्याला व्यासपीठावर उभं करून कहाणी सांगायला लावू नका. नियम ठरवताना त्याला विचारा.

हे काम एकट्या वैद्यकीय विभागावर सोडायचं नसतं, याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकी हवाई दलाने 1996 मध्ये आत्महत्या रोखण्याची जबाबदारी डॉक्टरांपुरती न ठेवता कमांडर, धर्मगुरू, कुटुंब-कल्याण, कायदा अशा सगळ्या शाखांवर मिळून टाकली. त्यानंतरच्या वर्षांत तिथला आत्महत्येचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2018 पासून अमेरिकेतल्या शहरांनी आणि नंतर राज्यांनी असेच एकत्र गट बांधायला घेतले. त्यांनी स्वतःपुढे तीन कामं ठेवली: आपल्या भागातले माजी सैनिक ओळखणं आणि त्यांना धोक्याबद्दल विचारणं, संपर्क टिकवणं आणि एका सेवेतून दुसरीकडे जातानाचा दुवा पक्का करणं, आणि जीव घेऊ शकणारी साधनं सुरक्षित ठेवणं. नव्या गटानेही याहून जास्त काही अंगावर घेऊ नये.

फलक, टी-शर्ट, दौड, मेणबत्त्या यांचा मोह सुरुवातीला फार होतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी यातलं काहीच करू नका. पैसे असतील तर फोनच्या बिलाला आणि प्रवासखर्चाला ठेवा.

३. एका माणसाची वाट कागदावर काढा

पहिल्या बैठकीचं काम हेच. एक कल्पित माणूस घ्या, नुकताच निवृत्त झालेला. सैन्यातून सुटल्याच्या दिवसापासून पुढच्या वर्षभरात तो कुठे कुठे जाईल ते क्रमाने लिहा: पेन्शनचं कार्यालय, बँक, दवाखाना, नोकरीच्या मुलाखती, माजी सैनिकांची संघटना, दारूचं दुकान, कदाचित पोलिस ठाणं, कदाचित कौटुंबिक न्यायालय. मग दोन ठिकाणांमध्ये बाण काढा आणि प्रत्येक बाणावर विचारा: इथे त्याचा चार्ज कोण देतंय आणि कोण घेतंय?

सैन्यात चार्ज देणं-घेणं सहीशिवाय होत नाही. बाहेर मात्र ‘अमुक ठिकाणी जा, ते बघतील’ एवढंच सांगितलं जातं. उदाहरण घ्या. शुक्रवारी संध्याकाळी त्याला मानसोपचार विभागातून घरी सोडलं. पुढची तारीख मिळाली तेरा दिवसांनंतरची. मधल्या दिवसांत त्याला फोन करण्याची जबाबदारी कुणाच्याही कामाच्या यादीत नाही. आणि मानसोपचाराच्या वॉर्डातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जास्त धोक्याचे, हे देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

कागदावर अशी रिकामी जागा दिसली की तिथे ‘समाज’ किंवा ‘संघटना’ असं लिहू नका. नाव लिहा, आणि ते नाव रजेवर असेल तेव्हाचं दुसरं नाव लिहा. तीन रिकाम्या जागा भरल्या तरी पहिली बैठक सत्कारणी लागली.

४. सरळ विचारायला शिका

या टप्प्यावर सगळेच अडखळतात. ‘विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवून देऊ’ ही भीती जवळपास प्रत्येक नव्या माणसाला असते. यावर भरपूर संशोधन झालंय. विचारल्याने विचार वाढत नाहीत. उलट अनेकांना सुटका झाल्यासारखं वाटतं.

प्रश्न कसा विचारता यावर मात्र बरंच अवलंबून आहे. ‘तुझ्या मनात तसलं काही नाही ना?’ असं विचारलं की उत्तर ‘छे, छे’ असंच येणार. प्रश्नानेच ते मागितलेलं असतं. दोन जुन्या सोबत्यांमधलं बोलणं साधारण असं जायला हवं:

‘झोप लागते का रे हल्ली?’

‘लागते की.’

‘किती वाजता डोळा लागतो?’

‘तीन. साडेतीन.’

‘तोवर जागा असतोस तेव्हा डोक्यात काय चालतं?’

‘काही नाही रे. सगळ्यांच्या गळ्यातलं लोढणं झालोय, एवढंच.’

‘सरळ विचारतो. जीव द्यावा असं मनात येतं का?’

‘…येतं कधी कधी.’

‘बरं झालं सांगितलंस. आज येतंय का? कसं करायचं, तेही ठरवलंयस का?’

यात काय काय झालं बघा. झोपेपासून सुरुवात झाली, कारण झोपेबद्दल बोलायला सैनिकाला लाज वाटत नाही. पहिलं ‘लागते की’ सोबत्याने खरं धरलं नाही. लोढणं झालोय हे ऐकून ‘असं कसं म्हणतोस, तुझी मुलं बघ’ असा उपदेश केला नाही. ‘जीव द्यावा’ हे शब्द स्पष्ट वापरले. आणि ‘येतं’ म्हटल्यावर तो गांगरला नाही, पुढचा प्रश्न विचारला. आज, आणि ठरवलंय का, या दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर ते तातडीचं आहे: त्याच्यासोबत थांबायचं आणि आपत्कालीन मदत घ्यायची. घरचे कुणी येईपर्यंत वाट बघायची नाही, ‘उद्या बोलू’ म्हणायचं नाही.

जोड्या करून हा संवाद मोठ्याने म्हणा. हसू येईल, अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. तोंडाला सवय लागल्याशिवाय हा प्रश्न खऱ्या वेळी बाहेर पडत नाही. शक्य असेल तर प्रशिक्षित माणसाकडून एक दिवसाचं प्रशिक्षण घ्या, पण त्याची वाट बघत सराव थांबवू नका.

खुणाही ठाऊक असू द्या. लाडक्या वस्तू, पदकं वाटून टाकणं. अचानक कर्जं-कागद नीट लावणं. दारू एकदम वाढणं. फोन न उचलणं. आणि फार दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत, प्रसन्न दिसणं. ही शेवटची खूण घरच्यांना सुधारणा वाटते, म्हणून ती आवर्जून सांगा.

५. सुरक्षा योजना लिहून काढा

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला एक पानाचा आराखडा आता अनेक देशांत वापरतात. त्यात सहा भाग आहेत: संकट येतंय हे सांगणाऱ्या माझ्या खुणा, एकट्याने करता येण्यासारख्या गोष्टी, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, ज्यांच्याकडे उघडपणे मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि घर सुरक्षित करण्यासाठी काय करायचं.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत ही योजना आणि घरी गेल्यावरचे पाठपुराव्याचे फोन असं दोन्ही मिळून देऊन बघितलं. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृती नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी कमी. पहिला फोन 72 तासांच्या आत करायचा, असा तिथला नियम होता.

योजना शक्यतो प्रशिक्षित माणसासोबत भरावी. पण भरताना शब्द त्याचेच हवेत. ‘एकट्याने करता येण्यासारखं’ या रकान्यात कुणीतरी ‘ध्यानधारणा’ लिहून देतं आणि त्या गृहस्थांनी आयुष्यात कधी डोळे मिटून बसलेलं नसतं. ‘बूट पॉलिश करतो’, ‘कुत्र्याला घेऊन बाहेर पडतो’ हे चालेल. माणसांच्या नावापुढे फोन क्रमांक हवा, आणि त्या माणसाला आपलं नाव यादीत आहे हे माहीत हवं. कागद घडी करून पाकिटात, आणि फोटो मोबाइलमध्ये.

६. साधनं दूर ठेवण्याचं बोलणं

या विषयावर बोलायला गट टाळाटाळ करतात, आणि सर्वांत जास्त जीव इथेच वाचतात. जीव देण्याची तीव्र ओढ बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. प्रयत्नातून वाचलेल्यांना विचारलं, तेव्हा अनेकांच्या बाबतीत निर्णय आणि कृती यांत तासाभराचंही अंतर नव्हतं. आणि वाचलेल्यांपैकी दहांतले सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे तेवढी वेळ टळणं हेच पुष्कळदा निर्णायक ठरतं.

इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक सुट्टीला घरी जाताना हत्यार सोबत नेत. 2006 मध्ये ते तळावरच ठेवून जाण्याचा नियम झाला. सैन्यातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवशी फारसा फरक पडला नाही. म्हणजे सुट्टीत वाचलेल्या मुलांनी पुढे तळावर जाऊन तेच केलं, असं झालं नाही.

दुसरं उदाहरण एकत्र येण्याचं आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात 2009 मध्ये आठवड्याच्या आत, एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन माणसांनी एकाच दुकानातून बंदूक विकत घेऊन काही तासांत जीव दिला. त्यातून बंदूक-विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याचे लोक एका टेबलावर आले. ग्राहक संकटात आहे हे कसं ओळखावं, अशा वेळी विक्री कशी टाळावी, याची पत्रकं त्यांनी मिळून बनवली. ज्यांना आपण विरोधक समजतो त्यांनाच सोबत घ्यायचं, हा धडा नव्या गटाने घ्यावा.

बोलताना ‘जप्ती’चा सूर नको. सैनिकाला हत्याराची सुरक्षा शिकवायची गरज नसते. ती त्याची भाषा आहे. ‘काही दिवस अवघड आहेत. तोवर हे कुणाकडे ठेवायचं, तू सांग’ असं म्हणा. हत्यार दुसऱ्याकडे तात्पुरतं ठेवण्याचे कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून परवाना देणाऱ्या कार्यालयात किंवा पोलिसांकडे आधीच विचारून एक स्पष्ट उत्तर गटाकडे लिहून ठेवा. ऐन रात्री शोधाशोध नको. जिथे घरात हत्यारं नसतात तिथेही हा मुद्दा लागू आहे. उरलेल्या गोळ्या-औषधं, विषारी रसायनं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, आणि औषध एका वेळी थोडंच आणायचं.

७. हजेरीची पद्धत बसवा

सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी 1969 मध्ये एक साधा प्रयोग सुरू केला. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या 843 जणांपैकी निम्म्यांना ते छोटी पत्रं पाठवू लागले. त्यांत उपदेश नव्हता, पुढच्या भेटीची तारीख नव्हती, प्रश्नावली नव्हती. आम्हाला तुमची आठवण आहे, कळवावंसं वाटलं तर कळवा, एवढंच. पाच वर्षांत 24 पत्रं. पत्रं मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या, पहिल्या दोन वर्षांत तर स्पष्टच. दुसऱ्या महायुद्धात मोटो स्वतः सैन्यात असताना एका तरुणीची पत्रं त्यांना येत. ही कल्पना त्यातून सुचल्याचं ते सांगत.

गटाने हेच करायचं. एका स्वयंसेवकाकडे पाच-सहा नावांपेक्षा जास्त नकोत. फोनचा दिवस ठरलेला. रुग्णालयातून सुटलेल्याला तीन दिवसांच्या आत, मग आठवड्याला, मग महिन्याला. निवृत्तीची तारीख, घटस्फोट, मोहिमेत सोबती गेल्याचा दिवस यांची नोंद ठेवा आणि त्या दिवशी फोन करा. उत्तर आलं नाही तरी संदेश जात राहू द्या. आणि फोन न उचलल्यास पुढे काय, हे त्या माणसाशी आधीच बोलून ठरवा: कुणाला कळवायचं, घरी कोण जाईल.

हे ठरवताना संमती घ्या, लेखी घेतली तर बरं. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचंही नाव, निदान, पत्ता टाकायचा नाही. गुप्ततेची सीमाही पहिल्याच दिवशी सांगा: ‘तुमचं बोलणं माझ्यापाशीच राहील, पण जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मी मदत बोलावणार, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच.’ सैनिकांना ही स्पष्टता आवडते. मोघम आश्वासनं त्यांनी पुष्कळ ऐकलेली असतात.

८. मृत्यू झालाच, तर काय

ही तयारी आधीच करायची. ज्या पलटणीतल्या किंवा घरातल्या माणसाने आत्महत्या केली, तिथल्या उरलेल्यांचा धोका वाढतो. म्हणून त्यानंतरचं काम हेही प्रतिबंधाचंच काम आहे. पहिल्या दोन दिवसांत दोन माणसं घरी जातील, कोणती ते ठरलेलं असावं. त्यांनी कारणं विचारायची नाहीत. कागद, प्रवास, मुलांची सोय बघायची. जुन्या सोबत्यांना गटातल्या माणसाने फोन करून कळवायचं, म्हणजे त्यांना ते सोशल मीडियावर कळणार नाही, आणि त्याच फोनवर त्यांचीही विचारपूस करायची. जाहीर बोलताना पद्धत, ठिकाण, चिठ्ठीतला मजकूर सांगायचा नाही, एकच कारण द्यायचं नाही, मृत्यूला शौर्याचा मुलामा द्यायचा नाही, आणि हेल्पलाइनचा क्रमांक द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनाही हेच सांगतात. त्याच्या सेवेचा मान मात्र इतर कोणत्याही माजी सैनिकाच्या मृत्यूनंतर राखला जातो तितकाच राखायचा.

ज्या स्वयंसेवकाकडे ते नाव होतं, त्याला त्या आठवड्यात दुसरे फोन देऊ नका. त्याची यादी दुसऱ्याने घ्यावी, आणि त्याला रोज एकाने फोन करावा. तो ‘मी ठीक आहे’ म्हणेल. झोप कितीला लागते, ते विचारा.